पुढे ओढलेली सीट

३ तारीख, सोमवार

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नळी लावली, कागदाची लांबलचक पट्टी काढली, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि वर सल्ला दिला की मनात जे घोळतं ते लिहून काढत जा. औषध आणायला गेलो आणि गृहपाठ घेऊन आलो.

मनात घोळतंय ते एवढंच. काल सगळे जेवायला बसलो असताना मी दादाला सांगून टाकलं की मी दुकान सोडतो. वडिलांच्या मागे सोफे-खुर्च्या मढवायचं आमचं दुकान दादा चालवतो आणि मी तिथे राबतो. गावाबाहेरच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना माझ्या हातचं काम आवडलं. त्यांना सगळ्या प्रेक्षागृहाच्या खुर्च्या नव्याने मढवून हव्यात, पण खेळ बंद न ठेवता. म्हणजे एकेक रांग उचलून आणायची, मढवायची आणि लगेच परत नेऊन बसवायची. अट एकच, गाडी स्वतःची हवी. भाड्याच्या टेम्पोवाल्यांनी त्यांना आधी तोंडघशी पाडलंय. दादा म्हणाला, "नसती उठाठेव. आहे ते बरं चाललंय." मी म्हणालो, "मग मी एकटा करतो." वाढता वाढता वहिनीचा हात थांबला. ही मात्र मान खाली घालून जेवत राहिली. नवरा एवढं मोठं बोलतोय, बाईने निदान वर तरी बघावं!

तर पुढच्या पहिल्या तारखेला गाडी दारात नसेल तर काम दुसऱ्याला जाईल, आणि मी जन्मभर दादाच्या हाताखाली खिळे ठोकत बसेन. घरामागे पत्र्याची शेड आहे, हत्यारं माझी आहेत, लायसन्सही आहे. कधीचं काढलंय. पाकिटात अजून कोरं करकरीत आहे.

५ तारीख

मेव्हण्याला घेऊन जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गॅरेजमध्ये असतो, सगळे त्याला पाना म्हणतात. दोन पिकअप बघितल्या. पहिलीचा रंग इतका ताजा की पान्याने फडक्यात लोहचुंबक गुंडाळून दारावर फिरवलं तर चुंबक निम्म्या दाराला चिकटेचना. आत पत्र्याऐवजी सगळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. दुसरी मला बरी वाटली होती, पण तेलाचं झाकण उघडल्यावर आतून किटलीसारख्या वाफा यायला लागल्या. विकणारा म्हणाला, "गाडी दमलीय, लांबून आलीय." पाना म्हणाला, "मग झोपू द्या तिला."

दोन्ही गाड्या पान्यानेच चालवून बघितल्या. मी शेजारी बसलो. शेजारी बसून गाडी जास्त कळते. चालवणाऱ्याचं सगळं लक्ष रस्त्यावर असतं.

८ तारीख, शनिवार

आज एक सापडली! रोपवाटिकेची गाडी आहे. कुंड्या आणि माती वाहायची. मालक आडवेतिडवे, दोन माणसांच्या जागेला एक असे काका आहेत, आणि बोलणं मोजकं. काकू बारीक, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं दोघांच्या वाटचं.

मी इंजिनावर हात ठेवून बघितला. थंड होतं. काही लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात म्हणजे सुरू होतानाची कुरकुर लपते. इथे तसं नव्हतं. पान्याने किल्ली फिरवली तर एकदा खोकून थांबली. काकू पलीकडून ओरडली, "घाई नको करू रे तिला! किल्ली अर्धी फिरव, श्वास घेऊ दे, मग पूर्ण." पान्याने तसं केलं आणि गाडी लागली. धूर थोडा काळा, मग स्वच्छ. पाना खाली सरपटत जाऊन चासी बघून आला. सांधलेली नाही, वाकलेली नाही. स्प्रिंगचे पाटे शाबूत आहेत. मागचा हौदा मात्र कुंड्यांच्या पाण्याने कोपऱ्यात गंजलाय, पण बोट आरपार जात नाही. टायर चारही सारखे झिजलेत. पाना म्हणाला, "भावजी, चालवणाऱ्याने जपलीय. कुठे ठोकल्याची खूण नाही, क्लचसुद्धा घसरत नाही."

काका एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून एकाच माणसाच्या हाताखाली आहे." किंमतही झेपणारी सांगितली.

सगळंच बरं दिसलं की मला चैन पडत नाही. यात काहीतरी खोट असणार.

९ तारीख, रविवार

सापडली खोट!

इंजिनातलं मला कळत नाही, पण माणूस कशावर आणि कसा बसला हे मला कोणी शिकवू नये. सोफा उघडला की सांगतो, घरातला जाड माणूस कोणता, टीव्हीकडे तोंड करून कोण झोपतं. काल मी त्या गाडीच्या दोन्ही सीट दाबून बघितल्या. शेजारच्या सीटमध्ये चांगला खड्डा पडलाय, फोम तळाला गेलाय, शिवण उसवून परत घातलीय. भारी माणूस, वर्षानुवर्षं. आणि चालवणाऱ्याची सीट? मधला फोम जवळजवळ ताठ, फक्त पुढची कड मऊ पडलीय. हलका आणि बुटका माणूस, कडेवर बसून पायाने पेडल गाठणारा. शिवाय ती सीट इतकी पुढे ओढलेली आहे की पान्याचे गुडघे स्टेअरिंगला लागत होते, आणि रूळ गंजल्यामुळे ती मागे सरकतच नाही. म्हणजे कित्येक वर्षांत कोणी सरकवलेलीच नाही.

त्या सीटवर काका? त्यांचं पोटच मावणार नाही! म्हणजे काकांनी ड्रायव्हर ठेवला होता. भाड्याने फिरवली असणार, ओझी लादली असणार, आणि आम्हाला सांगतात एकाच माणसाच्या हाताखाली.

मी हे सगळं हिला समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता गालात हसली. "मग त्या काकूचं काय म्हणणं?" असं विचारलं. मी म्हटलं, काकूचा काय संबंध? ती चहा घेऊन आली होती. ही म्हणाली, "बरं." हिचं हे 'बरं' मला मुळीच आवडत नाही.

१२ तारीख

दुकानात दादा एका शब्दाने विषय काढत नाही. पुतण्याला माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलंय, काम शिकायला म्हणून. मला कळत नाही असं त्याला वाटतं.

घरी वेगळंच चाललंय. ही रोज दुपारी मावसबहिणीकडे जाते. इतकी वर्षं त्या बहिणीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडायच्या, आता रोज जायचं. काल डाव्या पोटरीला तेल चोळत होती. मी म्हटलं, "एवढं काय चालतेस?" तर म्हणे, "बहिणीकडचा जिना उभा आहे." आज आम्ही बसने येत होतो, तर माझ्या कानाशी येऊन म्हणते, "हा माणूस ब्रेक उशिरा मारतो, नाही? गिअर आधी उतरवायला हवा." मी बघतच राहिलो. भावाच्या तोंडचे शब्द उचलते आणि मला टोमणे मारते. नक्की हे दोघं मिळून मला वेड्यात काढतायत. नाहीतर ही वहिनीच्या मार्फत दादाशी माझ्या परतीचं बोलत असेल. दुपारी वहिनीही घरी नसते.

१५ तारीख, शनिवार

परत गेलो रोपवाटिकेत. पान्याला घाटीवर गाडी चढवायला लावली. अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा उचलायला सांगितली. उचलली. मागे एक ट्रक चिकटून येत होता. त्याने हॉर्न दिला तसा मी दाराची मूठ धरून बसलो. काय घाम आला! हवाच तशी होती, दमट.

परत आल्यावर मी काकांना हसत हसत विचारलं, "ड्रायव्हर कुठे गेला हो तुमचा?" ते म्हणाले, "ड्रायव्हर? छे. घरची गाडी, घरचंच माणूस." काकू कुंडीत माती भरत होती, ती पाठ करून हसायला लागली. मी मनात म्हटलं, चोरी पकडली म्हणून हसतेस होय! मग काकांनी मला विचारलं, "तुमच्याकडे चालवणार कोण?" मी म्हणालो, "मी." ते म्हणाले, "मग तुम्ही चालवून बघा की. दरवेळी यालाच बसवता." पान्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच बुटाची लेस बांधायला वाकला. मी म्हटलं, आज पाठ धरलीय, पुढल्या रविवारी नक्की.

पाठ खरंच धरली होती.

१८ तारीख

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला होता. गाडी झाली का म्हणून विचारत होते. झाल्यातच जमा आहे म्हणालो. मग शेडमध्ये जाऊन उगाच पत्रे मोजले, पक्कड शोधली, ती हातातच होती.

२० तारीख

कशातच मन लागत नाही. हिने विचारलं, "त्या गाडीत उलटं जाताना मागचं नीट दिसतं का हो?" म्हटलं, तुला काय करायचंय? "सहज," म्हणाली.

२३ तारीख, रविवार

पान्याला आजच गॅरेजमध्ये काम निघालं. माणूस ऐनवेळी उलटतो म्हणजे किती उलटावा! एकटाच गेलो.

काकांनी किल्ली हातात दिली. मी त्या पुढे ओढलेल्या सीटवर कसाबसा घुसलो. किल्ली अर्धी, श्वास, मग पूर्ण. गाडी लागली. फाटक उघडं होतं. फाटकाबाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावरून ट्रक जात होते. नुसते जात होते, मला काही करत नव्हते. माझा पाय क्लचवर होता आणि तो पाय माझा राहिला नाही. थरथरायलाच लागला. काकू खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "हँडब्रेक सोडा आता." मला तो दिसत होता. हात तिथवर जाईना.

मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि म्हणालो, "क्लच घसरतोय." काका म्हणाले, "परवापर्यंत घसरत नव्हता." मी म्हणालो, "मला कळतं. शिवाय तुम्ही ड्रायव्हरचं लपवलंत. असला व्यवहार मला नको." फार मोठ्याने बोललो. त्यांनी किल्ली परत घेतली आणि सांगितलं की दुसरं एक गिऱ्हाईक शुक्रवारी येणार आहे.

चालत घरी आलो. बसची रांग होती, पण थांबवेना. बरंच झालं. असल्या गाडीत जीव घालण्यापेक्षा नकोच ती.

२४ तारीख

दुपारी जेवायला घरी आलो आणि हिला सांगितलं, गाडी नाकारली. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "का?" मी क्लचचं सांगितलं, सीटचं सांगितलं, हौद्याच्या गंजाचं सांगितलं. ती म्हणाली, "आणि नाट्यगृहाचं काम?" म्हटलं, बघू, दुसरी गाडी मिळेल. ती म्हणाली, "एका आठवड्यात?"

मी चिडलो. म्हणालो, तुला मनातून हेच हवं होतं, मी दादाकडेच राहावं, तू पहिल्यापासून गप्प होतीस.  डोळे भरून आले तिचे. ते मला सहन होत नाही, म्हणून मी बाहेर निघून गेलो.

संध्याकाळी दादा भेटला. त्याला बातमी पोचलीच होती. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझं स्टूल तसंच आहे." चांगल्या मनाने म्हणाला असेल. मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

२६ तारीख, बुधवार

आज जे घडलं ते कसं लिहावं कळत नाही. घडलं तसं लिहितो.

दुपारी ही म्हणाली, "चला, मावसबहिणीकडे." मला वाटलं तिथे दादा-वहिनी समेटाला बसले असतील. तयारीनेच गेलो. तर बहिणीच्या घराला जिनाच नाही! बसकं घर, समोर मोकळं मैदान, आणि मैदानात पान्याच्या गॅरेजचा जुना टेम्पो उभा. पाना टपावर बसून शेंगा खात होता. मला बघून खाली उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

ही टेम्पोत चढली. पदर खोचला. गाडी सुरू केली, मैदानाला फेरी मारली, दोन दगडांच्या मधून उलटी नेली, आणि बरोबर माझ्यासमोर आणून थांबवली. मी तोंड उघडं टाकून उभा. खिडकीतून म्हणाली, "कच्चं लायसन्स पान्याने दोन महिन्यांपूर्वीच हौसेने काढून दिलं होतं, पक्क्याची परीक्षा सोमवारी होती. पास झाले. तुम्ही घरी आलात तेच गाडी नाकारली म्हणून सांगत, मग कुठे सांगणार?"

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस? मला येते की गाडी."

ती खाली उतरली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "अहो, तुम्हाला भीती वाटते. लग्न ठरल्यावर आपण पहिल्यांदा फिरायला गेलो होतो, तेव्हा रस्ता ओलांडताना तुम्हीच माझा हात धरला होता. मला वाटलं काय प्रेमळ माणूस आहे! नंतर कळलं, हात घामाने भिजला होता. तुम्ही जेवताना दादांना म्हणालात ना, मी एकटा करतो, तेव्हाच मी ठरवलं. एकट्याने कसं होणार? खुर्च्या तुम्ही मढवा. त्या न्यायला मी आहे."

'एकटा' हा शब्द मी तिला तोडायला वापरला नव्हता. पण तिला तो वाढलेल्या ताटावर बसून ऐकावा लागला. तिने मान वर का केली नाही हे आज कळलं.

मी म्हणालो, "हो. वाटते भीती." बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही. पाना लांबून ओरडला, "झालं का? मला टेम्पो परत न्यायचाय!"

२७ तारीख

सकाळीच दोघं रोपवाटिकेत. मी आधी काकांची माफी मागितली, क्लचबद्दल. ते म्हणाले, "असू दे." मग त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, गाडी ही चालवणार. काकूने हातातली झारी तिथेच टाकली आणि म्हणाली, "मग मी पुढे बसणार हिच्याशेजारी. पुरुषांनो, तुम्ही मागे."

अशी वरात निघाली. पुढे दोन बायका, मागे गंजलेल्या हौद्यात काका आणि मी, गज धरून. ही सीटवर बसली आणि तिचे पाय बरोबर पेडलवर पोचले, सीट सरकवायला लागलीच नाही. फाटकातून बाहेर पडताना गाडी जराही हिसकली नाही. पुढून काकूचा आवाज येत होता, "आता दुसरा... छान... चढाला तिला आधीच सांगायचं..."

मी काकांना म्हटलं, "म्हणजे काकूच?"

"मग कोण? मला कुठे येते चालवायला," काका म्हणाले. "मी आपला शेजारी. त्या सीटमधला खड्डा माझाच. हिच्या डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकतोय, नाहीतर हिने मरेपर्यंत सोडली नसती. तुम्ही ड्रायव्हरचं विचारलंत तेव्हा हिला इतकं हसू आलं, मला म्हणाली, सांगू नका, बघू किती दिवसांनी कळतं."

सगळी सीट मी बरोबर वाचली होती. हलका माणूस, बुटका माणूस, कडेवर बसणारा. फक्त तो माणूस बाई असेल हे डोक्यातच आलं नाही, आणि ती समोर उभी राहून गाडी कशी सुरू करायची ते सांगत होती.

परत आल्यावर काकू बराच वेळ खाली उतरेना. दार उघडं, एक पाय खाली, हात पुढच्या फळीवर. काका तिकडे बघत नव्हते, कुंड्या उगाच इकडच्या तिकडे करत होते. मग ती किल्ली काढून घेऊन उतरली, हिच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पावसाळी दिवसांत वाइपर अडकतो. थापटी मारली की चालतो." आणि घरात निघून गेली.

२९ तारीख

शेजारच्या सीटमध्ये नवीन फोम घातला. चालवणाऱ्याच्या सीटचं फक्त कापड बदलणार होतो, पण ही म्हणाली, हात लावू नका, मला अशीच बसतेय. धडधड आहेच. काल एकदा हिच्याशेजारी बसून मोठ्या रस्त्याला लागलो. डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, "उघडा, नाहीतर डावीकडचं मला कोण सांगणार?" उघडले.

दादा गाडी बघायला आला. चाकाला लाथ मारली, हौद्यात वाकून बघितलं. "गंजलाय," म्हणाला. मी म्हणालो, "हो, गंजलाय." मग त्याने विचारलं, चालवणार कोण? मी सांगितलं. तो गंमत समजून हसला. मी हसलो नाही, तसा तोही थांबला.

१ तारीख, सोमवार

नाट्यगृहाची मागची गल्ली अरुंद आहे. दोन्हीकडे भिंत, शेवटी सामान उतरवायचं दार. गाडी उलटीच न्यावी लागते. ही स्टेअरिंगवर आहे हे बघून पहारेकरी माझ्याकडे आला, "साहेब, तुम्ही घ्या ना आत, बाईंना नाही जमायचं." मी म्हणालो, "मला येत नाही. त्यांना येते." हे वाक्य इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

मी खाली उतरलो आणि गल्लीच्या टोकाला, दाराला पाठ लावून उभा राहिलो. मला बाजूला व्हायला जागा नव्हती. हिने आरशात मला शोधलं आणि गाडी मागे घ्यायला लागली. लोखंडाचं ते धूड माझ्याच अंगावर येत होतं. छातीत ढोल वाजत होता, आणि मी दोन्ही हात वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत होतो, "येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे!"